परग्रहाच्या वाटेने पृथ्वीकडे

मानसरोवर हे नाव उच्चारताच हिमालयापलीकडील निळे, नितळ सरोवर डोळ्यांपुढे उभे राहते. जयपूर शहरातील मानसरोवर मात्र सरोवर नव्हे. ती दाट वस्तीची एक विस्तीर्ण वसाहत आहे. तिला नाव जलाशयाचे आहे आणि ती वसली आहे मरुभूमीच्या राज्यात. जयपूर शहराची तहान आज मुख्यतः टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बांधलेले बिसलपूर धरण भागवते. त्यापूर्वी शहराला पाणी पुरवणाऱ्या रामगढ तलावात 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती झाल्या होत्या. पुढे तोच तलाव कोरडा पडला. ज्या पाण्यावर नावा धावल्या, ते पाणी एका पिढीच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले.

अशा शहरातील वाचकाच्या हाती 'ड्यून' ही कादंबरी पडली, तर ती त्याला परकी वाटणार नाही. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकी लेखकाची ही विज्ञान-साहसकथा 1965 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. अनेक प्रकाशकांनी ती नाकारली होती. अखेर ती छापली, ती प्रामुख्याने मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेने. तिची कथा घडते अराकिस नावाच्या काल्पनिक वाळवंटी ग्रहावर. तेथे अंगावरचा पोशाख घामातील ओलावाही टिपून घेतो आणि पिण्यायोग्य करून परत देतो. मृताच्या देहातील पाणी त्याच्या टोळीचे मानले जाते. एका प्रसंगी वाळवंटातील टोळीचा प्रमुख सरदारापुढे थुंकतो. सरदाराच्या रक्षकांना तो अपमान वाटतो. वास्तविक तो सन्मान असतो, कारण त्याने आपल्या शरीरातील मोलाचे पाणी समोरच्याला अर्पण केलेले असते. पाण्याचे मोल सांगायला याहून समर्थ प्रसंग क्वचितच सापडेल.

परग्रहावरील साहसकथा म्हणजे पोरखेळ, वास्तवापासूनची पळवाट, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. राजपुत्र, तलवारी, दुष्ट सम्राट आणि अपहृत राजकन्या हाच जुना संसार अग्निबाणात बसवून दूरच्या ग्रहावर नेणाऱ्या कादंबऱ्या जगभर लिहिल्या गेल्या. त्यांतील ग्रह हा केवळ रंगवलेला पडदा असतो. तो काढून तेथे एखादे बेट किंवा अरण्य ठेवले, तरी कथेचा एक टाकाही उसवत नाही. अशी पुस्तके घटकाभर मन रमवतात. त्यापलीकडे त्यांचे मोल फारसे नाही.

परंतु वाईट उदाहरणांवरून साहित्यप्रकाराची पारख करणे न्याय्य नव्हे. खरी परग्रहकथा ओळखण्याची कसोटी सोपी आहे : त्या ग्रहाच्या निसर्गातूनच साहस निर्माण होते काय? मंगळाचे उदाहरण घ्यावे. तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे 38 टक्के आहे. हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी असून त्या विरळ हवेत सुमारे 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. तेथील वर्ष पृथ्वीच्या 687 दिवसांचे असते. या माहितीकडे दुर्लक्ष करून लेखकाने नायकाला मंगळाच्या उघड्या मैदानावर मोकळा श्वास घेऊ दिला, तर ती परीकथा होईल. उलट नायकाच्या पोशाखाला पडलेले सुईएवढे छिद्र हेच त्याने संकट मानले, तर शत्रूवाचूनही कथा श्वास रोखून धरायला लावील. निसर्गनियमांचे बंधन कल्पनेचे पंख कापत नाही. ते तिला उडण्यासाठी हवा देते.

'ड्यून' या कसोटीला उतरते. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या गवत लावून स्थिर करण्याचे प्रयत्न चालू होते. 1957 मध्ये हर्बर्ट त्यावर लेख लिहिण्याच्या निमित्ताने तेथे गेले आणि त्या अभ्यासातून पुढे कादंबरी उभी राहिली. अराकिस हिरवागार करावा, हे तेथील रहिवाशांचे स्वप्न आहे. पण त्या वाळूत राहणाऱ्या महाकाय कृमींना पाणी विषासमान आहे. ज्या मौल्यवान द्रव्यासाठी सारे साम्राज्य त्या ग्रहावर डोळा ठेवून असते, ते द्रव्य तर त्या कृमींच्याच जीवनचक्रातून निर्माण होते. म्हणजे पाणी आणावे, तर संपत्ती जाते. संपत्ती राखावी, तर तहान राहते. हा पेच कोणत्या परग्रहाचा आहे? जमिनीखालचे पाणी उपसून आजचे पीक घेणाऱ्या आणि उद्याची विहीर आटवणाऱ्या पृथ्वीचाच तो पेच आहे.

मराठीला ही वाट नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळ' मासिकाने ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठी वाचकांपर्यंत आणली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मुलांच्या हाती दिल्या. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'ना. वि. जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ही कथा डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची होती. त्यांनी आपली आद्याक्षरे उलट क्रमाने मांडून ते टोपणनाव घेतले होते. 2021 मध्ये नाशिक येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद याच खगोलशास्त्रज्ञाला देऊन मराठी साहित्याने विज्ञानकथेचा मान मोठा केला.

तरीही मराठी विज्ञानकथा बहुतांशी पृथ्वीवरच रमली. परग्रहावरील पाहुणा येथे येतो; येथील माणूस परग्रहावर जाऊन दीर्घकाळ संसार मांडतो, अशा कादंबऱ्या तुलनेने विरळ. दिवाळी अंकांनी लघुकथेला आश्रय दिला. संपूर्ण ग्रह उभारण्यास मात्र कादंबरीचाच विस्तार लागतो. साहित्य तर मुबलक आहे. 2019 मध्ये भारतातर्फे सुचवलेल्या नावांपैकी एका दूरच्या ताऱ्याला शास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ 'बिभा' आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस' हे संस्कृत नाव मिळाले. संतमसावरील वर्ष अवघ्या दोन दिवसांहून थोडे अधिक असते. ज्या भाषेत पाडव्यापासून शिमग्यापर्यंत वर्षाची चाल मोजली जाते, तिच्या लेखकाला दोन दिवसांच्या वर्षाची कल्पना भुरळ घालू नये, हे नवलच होय.

दुष्काळाचे चटके सोसलेल्या माण, आटपाडी वा मराठवाड्यातील गावांना अराकिसची तहान कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. टँकरच्या फेऱ्या मोजणाऱ्या स्त्रीला पाण्याचे अर्थशास्त्र त्या कादंबरीतील सम्राटापेक्षा अधिक ठाऊक असते. हा अनुभव परग्रहावर नेऊन ठेवणारा लेखक मराठीत निर्माण व्हायला हवा. दूरचा ग्रह हे आरशासारखे असते. आरशात चेहरा दिसण्यासाठी थोडे अंतर राखावे लागते. अगदी डोळ्यांना चिकटलेला आरसा काहीच दाखवत नाही. जयपूरच्या मानसरोवरात राहणाऱ्या वाचकाने अराकिसची सफर संपवून पुस्तक मिटले आणि घरातील गळणारा नळ उठून घट्ट केला, तर ती कादंबरी पळवाट नव्हती, परत येण्याची वाट होती, असेच म्हणावे लागेल.