चूळ भरली, पण किटण राहिले

रमजानमध्ये आठ-दहा वर्षांची मुलेही हौसेने रोजा धरतात. पहाटे सहरीला उठतात, दूध-फेणी, शेवया, खजूर खातात आणि फजरची नमाज झाली की पुन्हा झोपतात. दात घासायचे राहून जातात. दिवसा कोणी विचारले तर उत्तर तयार असते, ‘माझा रोजा आहे.’

खरे तर तोंडाच्या स्वच्छतेला इस्लाममध्ये मोठे स्थान आहे. उम्मतवर भार पडेल अशी काळजी नसती, तर प्रत्येक नमाजाआधी मिस्वाक करण्याचा आदेशच दिला असता, अशा आशयाची प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची हदीस प्रसिद्ध आहे. वजू करताना आपण तीनदा चूळ भरतो. पाच नमाजांसाठी पाचदा वजू केला तर पंधरा चुळा होतात. तरीही मुलांच्या दाढा काळ्या का पडतात?

कारण चुळीने सुटे कण निघतात, किटण निघत नाही. किटण म्हणजे जिवाणूंचा चिकट थर. दात घासल्यावर काही तासांतच तो पुन्हा बसू लागतो. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो हाच. दाढेच्या खाचेत अडकलेला पाव, बिस्कीट, भजी किंवा मिठाई या जिवाणूंचे अन्न बनते. त्यातली साखर खाऊन ते काही मिनिटांत आम्ल तयार करतात. आम्लता साधारण ५.५ पीएचच्या खाली गेली की दातावरच्या कठीण कवचातली खनिजे विरघळू लागतात. लाळ ही हानी भरून काढते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून गोड किती खाल्ले याइतकेच ते किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे. इफ्तारला खजूर खाऊन वर पाणी प्यायले तर फारसे बिघडत नाही. इफ्तारपासून तरावीहपर्यंत सरबताचा घोट-घोट चालू राहिला, तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सहरीनंतर न घासता झोपणे सर्वांत वाईट.

आपल्या बोलण्यातही एक गैरसमज दडला आहे. ‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो आणि मुलाला दातात अळी शिरल्यासारखे वाटते. धूर देऊन दातातले किडे काढून दाखवणाऱ्या भोंदूंचा धंदा याच समजुतीवर चालला. अळी बाहेरून येते असे वाटले की मूल औषधाची वाट पाहते. आम्ल आपल्याच दातांवर तयार होते हे कळले, की ते ब्रश हातात घेते. म्हणूनच ‘दात घासा’ हा नुसता हुकूम पुरत नाही, मुलांना कारण शिकवायला हवे.

त्यासाठी शाळेला मोठा खर्च नाही. अंडे सिरक्यात ठेवले की एक-दोन दिवसांत कवच विरघळून जाते. आम्ल काय करते ते वर्गातल्या प्रत्येकाला दिसते. खाण्याचा लाल रंग पाण्यात मिसळून चूळ भरायला लावली की किटणावर रंग चढतो आणि ब्रश कुठे पोहोचला नाही ते आरशात कळते. उल्हासनगर महापालिकेच्या, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांच्या आणि भोवतालच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माध्यम कोणतेही असो, हे दोन प्रयोग एका तासिकेत दाखवता येतील.

सुरुवात पहिलीपासून व्हावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती किडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. दाढ ठणकली की मूल रात्रभर जागते, शाळा बुडते आणि रोजंदारीवर असलेल्या आई-बापाचा एक खाडा पडतो.

सरकारची योजना आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात झाली. शाळेत येणारी त्यांची पथके ज्या व्याधी तपासतात त्यांत दातांची कीडही आहे. पण तपासणीत किडलेला दात सापडतो, तो किडूच नये यासाठी शिक्षकच हवा. पथक येण्याच्या आठवड्यातच ही तासिका ठेवली, तर तपासणीचा अर्थ मुलांना कळेल.

घरी रमजानपुरते एवढे करावे. सहरी आटोपली की वेळ संपण्याआधी पाच मिनिटे राखून फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा घासावेत. मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. रोजात पेस्ट पोटात जाण्याची भीती म्हणून अनेक उलेमा ती टाळायला सांगतात. मिस्वाकला मुभा आहे. कोकणी मुसलमानांच्या शाफई परंपरेत मात्र दुपारनंतर ती टाळतात. मिस्वाक सुन्नत आहे, ती जरूर करावी, पण मागच्या दाढांच्या खाचांपर्यंत ती सहज पोहोचत नाही. तिथे ब्रशच हवा.

मकतबमध्ये उस्ताद मुलांना वजूचा क्रम शिकवतात. तीनदा चूळ भरायला सांगताना, दाढेत अडकलेले चुळीने निघत नाही, घासावेच लागते, हे एक वाक्य त्यांनी जोडले तर शाळेचे अर्धे काम होईल. ईदच्या शीरखुर्म्याचा गोडवा मुलांना जरूर मिळावा, त्या रात्री ब्रशही मिळावा.