औषध पोथीत, पण झाड कुठे?

बाली बेटावर वैद्यकाला ‘उसदा’ म्हणतात. आपल्या ‘औषध’ या शब्दाचेच हे रूप. तिथल्या एका ताडपत्रावरील पोथीचे नाव ‘तरु प्रमाण’. तिची कथा अशी, की म्पू कुतुरान या ऋषीच्या औषधांना गुण येईनासा झाला, तेव्हा त्याने स्मशानात तप केले. मग एकेक वनस्पती त्याच्यापुढे येऊन आपला गुण सांगू लागली. माझे पान थंड, माझे मूळ उष्ण, माझी साल अमुक दुखण्यावर! बालीतले वैद्य, म्हणजे ‘बलियान’, आजही पाल्याचे रस आणि लेप देतात ते याच परंपरेतून.

सिंगराजाच्या गेदोंग कीर्त्य ग्रंथालयात १९२८ पासून अशा पोथ्या जपल्या जात आहेत. बेदुगुलच्या वनस्पती उद्यानात औषधी झाडांचा वेगळा विभाग आहे. ही दोन्ही कामे मोलाची. पण तेवढ्याने विद्या जगत नाही, असे मला वाटते. पोथीतली साल वैद्याला जवळच्या रानात मिळायला हवी, आणि रान राखायचे तर त्यावर गावाचा हुकूम चालायला हवा.

पूर्व बालीतल्या तेंगानान गावात तो चालतो. ‘अविग-अविग’ या गावनियमांनुसार उभे, हिरवे झाड मनास येईल तसे तोडता येत नाही. झाड वाळले आहे याची गावच्या कारभाऱ्यांना खात्री पटावी लागते. ड्यूरियन, तिंगकिह यांसारखी काही फळे झाडावरून काढायचीच नाहीत. पिकून पडली की ज्याला सापडतील त्याची, मग झाड खासगी जमिनीत का असेना! याच तिंगकिहच्या तेलात भिजवलेल्या सुतापासून गावातले प्रसिद्ध ‘गेरिंगसिंग’ वस्त्र विणतात; त्याचा तांबडा रंग बारतोंडीच्या मुळांच्या सालीतून येतो. ‘गेरिंग’ म्हणजे आजार आणि ‘सिंग’ म्हणजे नाही. कापड रोग दूर ठेवते ही झाली श्रद्धा. पण त्या श्रद्धेमागे नियम आहे, आणि नियम मोडणाऱ्याला दंड आहे.

दर २१० दिवसांनी ‘तुंपेक वारिगा’च्या सणाला बालीतले लोक झाडांना खिरीचा नैवेद्य दाखवतात. प्रथा सुंदर आहे. परंतु पर्यटनामुळे जमिनीला सोन्याचे मोल आलेल्या बेटावर नुसत्या नैवेद्याने झाड वाचेल काय? २०१३ साली इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने पारंपरिक समाजांची वने ही सरकारी वने नव्हेत, असा निकाल दिला. मात्र त्याचा लाभ घ्यायचा तर समाजाला आधी सरकारदरबारी मान्यता मिळवावी लागते. तांबलिंगन सरोवराकाठच्या चार गावांचे ‘मर्ता जाती’ वन सरकारने निसर्ग-पर्यटनासाठी राखून ठेवले. ते आम्हीच सांभाळू, ही मागणी गावांना लावून धरावी लागली.

आपल्याकडे देवराया होत्या, आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तोही दीर्घ झगड्यानंतर. आजीबाईच्या बटव्याचे कौतुक आपण घरोघरी करतो. त्या बटव्यातली मुळी ज्या रानातून येते, त्या रानाचा निर्णय कोण घेतो, हेही तितक्याच आस्थेने विचारायला हवे. बालीतल्या वनस्पती ऋषीशी बोलल्या, कारण त्या तिथे उभ्या होत्या.