ताप गेल्यानंतरचे मूल

शाळा पुन्हा भरू लागल्या त्या २०२२ सालची गोष्ट. आमच्या वर्गातील एक मुलगा जिना चढताना मध्येच कठड्याला टेकून उभा राही. कवायतीच्या तासाला सावलीत बसण्याची परवानगी मागे. कोविडचा ताप येऊन गेल्याला तीन महिने लोटले होते; मग आता कसला थकवा? आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘आळस सोडावा’ असा शेरा लिहिला. तो शेरा आज आम्हांला खुपतो, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आमच्या घरच्या कोकणीत तापाला ‘जोर’ म्हणतात. मराठीत जोर म्हणजे बळ. त्या मुलाचा एक जोर गेला होता, दुसरा परतला नव्हता. मुलांमधील या रेंगाळणाऱ्या आजाराची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली, तीत थकव्याला अग्रस्थान आहे.

अशा मुलांच्या हृदयाकडे वैद्यांचे लक्ष वळण्यास कारण घडले होते. २०२० साली ब्रिटनमध्ये काही मुलांना, संसर्ग होऊन आठवडे उलटल्यावर, पुन्हा तीव्र ताप येऊ लागला. त्यांतील काहींच्या हृदयाची रक्त फेकण्याची शक्ती एकाएकी क्षीण झाली. बहुतेकांची ती पुढे पूर्ववत झाली. हा आजार विरळा, आणि नुसत्या रेंगाळणाऱ्या थकव्याहून निराळा. परंतु ताप उतरल्यावरही हृदयाची विचारपूस करावी, हे त्याने शिकविले.

ही विचारपूस करण्याची पहिली रीत ध्वनीची. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर हे वैद्य आणि हर्ट्झ हे पदार्थवैज्ञानिक यांनी, जहाजांच्या कारखान्यात धातूतील भेगा शोधण्याचे यंत्र मागून आणले आणि मानवी हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. आज त्यालाच एकोकार्डिओग्राफी म्हणतात. दुसरी रीत एमआरआयची. तीत क्ष-किरण नाहीत, चुंबक आणि रेडिओलहरी आहेत. हृदयाच्या स्नायूला आलेली सूज किंवा मागे राहिलेला व्रण ती दाखविते. मात्र मुलाला बराच वेळ त्या खडखडणाऱ्या बोगद्यात निश्चल पडून राहावे लागते, सांगितले की श्वास रोखावा लागतो. मोठ्यांनाही ही परीक्षा सोपी नाही!

आमच्या विद्यार्थ्याची एको झाली. चित्र निर्दोष निघाले. वडिलांनी तो कागद दाखविला तेव्हा आमच्या मनात प्रथम आले ते हेच, की पाहा, काही नव्हतेच. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच पायरीवर थांबलेला दिसला.

येथेच आमचे मत आम्हांस स्पष्ट मांडावयाचे आहे. निर्दोष चित्र म्हणजे हृदयाच्या रचनेला व पंपाला दुखापत दिसली नाही, एवढेच. ती वार्ता आनंदाची खरी. पण मूल खोटे बोलते, याचा तो दाखला नव्हे. चित्र बहुधा निजलेल्या मुलाचे घेतात, आणि तक्रार असते जिना चढतानाची. म्हणून श्रम करीत असताना हृदय व फुप्फुसे कशी वागतात, हे पाहणाऱ्या चाचण्याही संशोधनात हव्यात. निरोगी मुलांची चित्रेही तुलनेसाठी हवीत, नाहीतर वाढत्या वयातील साधा फरकच रोग ठरावयाचा. अर्थात, कोणत्याही मुलाला त्या बोगद्यात घालण्यापूर्वी पालकांइतकेच त्यालाही विचारले पाहिजे.

उलटपक्षी, दमलेले प्रत्येक मूल यंत्राखाली नेण्याची घाईही आम्हांस पसंत नाही. छातीत दुखणे, धडधडणे, भोवळ येणे असे काही असेल तर वैद्यांकडे विलंब नको. एरवी तपासणी कोणती, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

पुढल्या सत्रात आम्ही तो शेरा खोडला, आणि त्याचा वर्ग तळमजल्यावर आणावा अशी विनंती केली. ती मान्य होईपर्यंत मात्र दुसरा पावसाळा उजाडला.