पाण्याचा सातबारा

मी बुलढाण्याचा म्हणून सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे लोणारचे का?’ लोणारचे खारे सरोवर जगाला ठाऊक आहे, २०२० साली त्याला रामसर स्थळाचा मानही मिळाला. पण माझ्या मनातले तळे दुसरेच आहे. मोताळा तालुक्यातले नळगंगा धरण. माणसांनी बांधलेले, गोड्या पाण्याचे, पर्यटकांच्या यादीत फारसे नसलेले. बँकेतल्या नोकरीत मी जी मोठी चूक केली, ती या पाण्याच्या काठावर.

१९८७ चा डिसेंबर होता. मी तरुण अधिकारी, नवीन कोट आणि नवीन शिक्का घेऊन जवळच्या एका शाखेत रुजू झालेलो. भोई समाजातल्या एका वयस्क गृहस्थांनी जाळ्यांसाठी कर्ज मागितले होते. पाहणीला सकाळी दहाला येतो, असे मी कळवले. त्यावर निरोप आला, ‘साहेब, धा वाजता येसान त मासेबी हापिसात गेले असतीन. झुंजूमुंजू या.’

गेलो. हुडहुडी भरवणारी थंडी, पाण्यावर वाफेसारखे धुके. काका ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून हातांनी पाणी वल्हवत आदल्या संध्याकाळी लावलेल्या जाळ्याकडे निघाले. मी काठावर मफलर आवळून उभा. जाळे पडद्यासारखे पाण्यात उभे होते, वर तरंगणारे तुकडे, खाली दगडांचे वजन. ते उपसता उपसता ते मला एकेक गोष्ट सांगत होते.

माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी गार की मासा गार, आणि मासा गार झाला की त्याची भूकही मंदावते. हिवाळ्याच्या रात्री काठाचे उथळ पाणी आधी थंड होते, म्हणून मासे खोलात सरकतात. उन्हे वर आली की तेच उथळ पाणी आधी तापते आणि मासे पुन्हा काठाकडे येऊ लागतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणजे जाळे किती खोल लावायचे, हे कोणता मासा हवा यावर ठरते. मरळ मात्र वेगळा. त्याला श्वासासाठी पाण्याबाहेर तोंड काढावेच लागते. गवताच्या कडेला पाणी किंचित हलले की काकांना तो कळायचा. मला नुसते पाणी दिसत होते.

जाळ्यात दोन रोहू आणि एक कटला निघाला. शिवाय बोटाएवढी काही पिल्ले होती. ती काकांनी हळूच सोडवून पाण्यात दिली. ‘हे पुढच्या सालचं पीक हाय,’ म्हणाले.

शाखेत परतून मी अर्ज पुढे ओढला. जमीन: नाही. तारण: निरंक. मी शेरा मारला, ‘शिफारस नाही.’ काका पुन्हा आले तेव्हा त्यांना नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘साहेब, वावराले सातबारा असते. पान्याचा सातबारा कोन देईन?’ जाताना एक रोहू कागदात गुंडाळून देऊ लागले. तोही मी नियमावर बोट ठेवून परत केला. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता!

पुढे वाचनात आले की आपल्या धरणांतले रोहू-कटला हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. बांधलेल्या तळ्यात ते सहजी प्रजनन करीत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणले. आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. प्रयोगशाळेच्या ज्ञानाने मत्स्यबीज दिले, तर काठावरच्या ज्ञानाने ते जाळ्यात आणले. पहिल्या ज्ञानाचा दिवस साजरा होतो. दुसरे निरंक!

काळ बदलला, नाही असे नाही. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही देण्याची घोषणा झाली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. मला आनंद झाला, आणि काकांची आठवण आली. पण अर्धे आयुष्य कागदांत घालवलेला माणूस म्हणून सांगतो, दर्जा मंत्रालयात मिळतो, पत काउंटरवर मिळते. काउंटरच्या आतल्या माणसाने जमिनीचाच उतारा मागितला, तर शेतीचा दर्जा भिंतीवर लावायच्या कामाचा. सोसायटीच्या वहीत लिहिलेली वर्षानुवर्षांची पकड, हाच पाण्याचा सातबारा मानला पाहिजे. आणि तरुण अधिकाऱ्याला पाहणीसाठी एकदा तरी पहाटे काठावर पाठवले पाहिजे.

वैनगंगेचे पाणी नळगंगेपर्यंत आणण्याची मोठी योजना आहे. किती हेक्टर भिजेल याचे हिशेब होतील, व्हायलाच हवेत. त्याच हिशेबात उन्हाळ्यात माशाला जगण्यापुरते खोल पाणी धरणात राहील का, हाही एक रकाना असावा.

वाचकांचाही यात वाटा आहे. या हिवाळ्यात रविवारच्या बाजारात बोटाएवढी रोहूची पिल्ले स्वस्तात मिळाली तर घेऊ नका. गिऱ्हाईक नसले की बारीक आसाचे जाळेही पडत नाही.

काका आता नाहीत. त्यांचा मुलगा पुण्याला एका गोदामात रखवालदार आहे. परवा भेटला तेव्हा मी विचारले, ‘मरळ कुठे असतो, ओळखता येते का रे?’ तो हसला आणि म्हणाला, ‘बाबांना येत होतं, साहेब.’