अंगणातले शोभेचे गवत

गवत म्हणजे बागेतून उपटून टाकायची वस्तू, अशीच आपल्याकडे सर्वसाधारण समजूत. परंतु विलायती बागांची रंगीत पुस्तके चाळताना एक झुपका वारंवार दिसतो. निळसर-करडी, अरुंद पाती, कारंज्यासारखी चहूकडे झुकलेली. आपल्याही अंगणात असे काही असावे, असे वाटू लागते.

हे निळे ओट गवत. शास्त्रीय नाव हेलिक्टोट्रायकॉन सेम्परव्हायरेन्स. फ्रान्स आणि इटलीच्या बाजूच्या आल्प्स पर्वतातले हे बहुवर्षायू गवत एकाच जागी वर्षानुवर्षे टिकते. झुपका दोन-अडीच फुटांचा होतो आणि त्यातून तीन-चार फूट उंच दांड्यांवर ओटसारख्या लोंब्या झुलतात. पूर्वी शास्त्रज्ञ त्याला ओटच्याच वंशात धरीत.

मात्र झाशीसारख्या गावात ते लावण्याचा मोह टाळलेला बरा. त्याला थंड रात्री आणि कोरडी, पाणी न धरणारी जमीन लागते. झाशीचा पारा मे महिन्यात 45 अंशांपर्यंत चढतो आणि त्यापाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. उन्हाने दमलेल्या मुळांना ओल लागली की ती कुजतात. विदर्भ-मराठवाड्यातही याहून वेगळे होणार नाही. महागाचे रोप आणून श्रावणात फेकून देण्यापेक्षा जवळ काय आहे ते पाहावे.

आणि झाशीत तर गवताचे माहेरच आहे! भारतीय चराई व चारा संशोधन संस्था 1962 पासून याच शहरात आहे. भारतातील गवताळ प्रदेशांची पाहणी करून त्यांचे पाच प्रमुख प्रकार ठरवणारा ग्रंथ 1973 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या दोन लेखकांपैकी एक दबडघाव. आडनाव मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल. या संस्थेने ओटचे आणि अंजन गवताचे सुधारित वाण तयार केले आहेत. अर्थात ते जनावरांच्या चाऱ्यासाठी. परंतु त्यांची शोभा पाहायला कोणी मनाई केलेली नाही.

आधी ओट. हिंदीत याला जई म्हणतात. हे हंगामी पीक, त्यामुळे थंडीपुरतीच हौस. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात फूटभर तोंडाच्या कुंडीत दहा-बारा दाणे इंचभर खोल पेरावेत. बी चाऱ्याच्या बियाण्याच्या दुकानातून आणावे. न्याहारीच्या डब्यातले ओट पेरून वाट पाहत बसू नये. ते वाफवून चपटे केलेले असतात, उगवत नाहीत. कुंडी भरपूर उन्हात ठेवावी. लोंब्या बाहेर पडून दाणा भरू लागला, पण अजून हिरवटपणा आहे, अशा वेळी दांडे कापावेत. जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत दोन-तीन आठवडे उलटी टांगली की फुलदाणीत ती महिनोन्महिने राहते. पूर्ण पिकू दिल्यास दाणे घरभर सांडतात आणि चिमण्यांची तेवढी सोय होते.

कायमच्या झुपक्यासाठी मात्र अंजन गवत घ्यावे. हे आपल्याच कोरड्या मुलखातले बहुवर्षायू गवत, दोन-तीन फूट उंच. त्याची तुरेदार, जांभळट कणसे खारीच्या शेपटीची आठवण करून देतात. पहिला पाऊस झाल्यावर मुळांसकट फुटवे आणून दोन-दोन फुटांवर लावावेत. बुंदेलखंडातील राकड किंवा पडुआ ही लालसर, पाणी वाहून जाऊ देणारी माती त्याला मानवते. काळ्या मार मातीत उंचवटा करून, वाळू मिसळून मगच लावावे. एकदा मूळ धरले की पाण्याची फारशी मागणी नाही. उन्हाळ्यात झुपका वाळून पेंढ्यासारखा दिसतो, तो मेला असे समजून उपटण्याची घाई करू नये. पावसाआधी जमिनीपासून चार-सहा इंच ठेवून कापावा. पाऊस पडताच तो हिरवा होतो. तीन-चार वर्षांनी मधला भाग विरळ झाला की खणून फुटवे वेगळे करावेत. कुंपणाकडेला बी पडून नवी रोपे येतील, ती वेळीच काढावीत. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात हेच अंजन गवत बेसुमार पसरले असून तेथे लोक ते खणून काढत आहेत. परक्या मुलखात गवत मरते तरी, नाहीतर डोक्यावर बसते तरी.

माळावरची कुसळी वाऱ्यावर कितीही सुंदर दिसली तरी लहान मुलांच्या घरी नको. तिची टोकदार कुसळे कपड्यांतून अंगात शिरतात.

जागा मोठी असेल तर वाळा आहेच. पाच-सहा फुटांचा भरदार झुपका, भिंतीची किंवा टाकीची उघडी बाजू झाकायला उत्तम. सांडपाण्याच्या वाटेवरही तो तग धरतो. त्याची मुळे माठात घालायची तर दीड वर्ष थांबावे लागते, शिवाय मुळे काढायची म्हणजे झुपका खणावाच लागतो. म्हणून दोन झुपके लावावेत, एक डोळ्यांसाठी आणि एक माठासाठी. सांडपाण्याजवळच्या वाळ्याची मुळे मात्र माठात घालू नयेत.