अर्धी मोटार घरात आणू नका!

दिवाळी अंकात गोड बोलावे, असा संकेत आहे. तो मोडतो आहे, वाचकांनी क्षमा करावी. कोकणात नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याची कडू चव जिभेला लावतात. आम्ही खानदेशी माणसे कारिटावाचूनच कडू बोलतो.

प्रसंग असा. आमच्या साक्रीत परवा पुतण्या धापा टाकीत आला. पिंपळनेर रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये १९७२ सालची फियाट आहे म्हणे. आहे म्हणजे कशी? सांगाडा विटांवर, इंजिन फळीवर, दारे भिंतीला टेकलेली आणि नटबोल्ट डालड्याच्या चार डब्यांत. "काका, फक्त चाळीस हजार!"

या 'फक्त'शी माझे भांडण आहे. पुरी गाडी विकणारा गाडी विकतो. अर्धी विकणारा आपला रुतलेला गाडा दुसऱ्याच्या दारात ढकलतो. ज्याने ती उकलली, तो काही वेडा नव्हता. हौस त्यालाही होती. मग काम थांबले कशाने? पैसा सरला, मिस्त्री गेला, कागद हरवले, की हवा तो भाग मिळेना? याचे उत्तर मिळाल्यावाचून खिशात हात घालू नये. कारण तो जिथे थांबला, तिथूनच तुम्हांला निघायचे असते; आणि सोपे तेवढे काम त्याने आधीच उरकलेले असते. खोलणे सोपे, जोडणे अवघड, हे घड्याळ उघडून बसलेल्या कोणत्याही पोरालाही ठाऊक आहे!

गाडीविषयी माझ्या मनात अढी नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही फियाट निघे. १०८९ घन सेंटिमीटरचे चार नळकांड्यांचे इंजिन, गिअरचा दांडा चक्राच्या दांडीवर. पुढे १९७४ पासून हिचेच नाव पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दोन-तीन पिढ्यांनी तिच्यातून संसार वाहिले. वीस वर्षांची वयोमर्यादा भरली, तेव्हा २००३ साली नोंदलेली शेवटची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी हळहळणाऱ्यांत मीही होतो. परंतु हळहळ हा काही हिशेब नव्हे.

हिशेब करणाऱ्या आमच्या मिस्त्रीकडे पुतण्याला घेऊन गेलो. पंचाहत्तरी उलटलेले गृहस्थ. त्यांनी शेडमधल्या सांगाड्याच्या दाराखालच्या पट्टीवर पेचकस टोचला. तो आरपार गेला. वर चकचकीत रंग, खाली लांबी, आणि लांबीखाली पत्रा नाहीच! मग हात पुसत ते अहिराणीत म्हणाले, "भाऊ, तुन्ही हौस आनि मन्ही उमर, दोन्हीस्ना मेळ बसत नही." सगळ्या व्यवहाराचे मर्म या एका वाक्यात आले. कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून दोष सांगणारे कान आता थोडे उरले. पोरे संगणक लावून गाडी तपासतात. या गाडीला संगणक लावायला जागाच नाही.

कायद्याचेही ऐका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील खाजगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी; सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. मधल्या मालकाने दुसरेच इंजिन बसवले असेल तर? शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोज बाजाराला न्यायची नाही. मूळ मालक वारला असेल, तर आधी वारसाचे नाव पुस्तकात चढले पाहिजे. आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्या काळच्या रबरी नळ्या त्यासाठी घडवलेल्या नव्हत्या.

यावर आमचे सुशिक्षित मित्र विचारतात, "मग जुने जपायचेच नाही काय?" जपायचे तर! पण जपणे आणि साठवणे यांतला भेद धुळ्याच्या माणसाला तरी सांगावा लागू नये. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करीत. पण त्यांनी ते पोत्यात ठेवले नाहीत, बावीस खंड छापून काढले. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यास वारले आणि दुसऱ्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. म्हणून ते दप्तर टिकले. ज्या वस्तूमागे काम करणारा हात नाही, ती वस्तू जपली जात नाही, नुसती सडते. शेडमध्ये कुजत होती ती तुमच्या अंगणात कुजू लागली, एवढ्याने तिचा उद्धार कसा होणार?

हे मी कोरड्या तोंडाने बोलत नाही. या पुतण्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, अशीच अर्धी फियाट आणली होती. "पुढच्या दिवाळीला हिच्यातून सप्तशृंगीला जाऊ," असे तो म्हणे. अकरा दिवाळ्या म्हणाला. माडीचा जिना राहिला, वहिनींच्या पाटल्या सोडवायच्या राहिल्या. वहिनी दर लक्ष्मीपूजनाला त्या सांगाड्यापुढे एक पणती ठेवीत. कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. भाऊ गेल्यावर ती गाडी मी वजनावर विकली. काट्यावर ती चढली, तेव्हा मला काट्याकडे पाहवेना.

पुतण्याला पुरी करायची आहे ती ही गाडी नव्हे, बापाची गोष्ट. ते मला कळते. म्हणूनच सांगतो: बाबा रे, बापाची हौस चालव, त्याची चूक चालवू नकोस. गाडी घ्यायचीच तर धावती घे. पत्रा शाबूत असलेली, पुस्तकातला इंजिन व चासीचा नंबर गाडीशी जुळणारी. दाम तिप्पट पडेल, पण अखेर तीच स्वस्त ठरेल. आणि त्याआधी सहा महिने दर रविवारी त्या मिस्त्रीच्या हाताखाली बस. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जायला निघाली आहे. गाडीपेक्षा ती वाचवणे अधिक निकडीचे आहे.

सहा महिन्यांनी नखांतली काजळी दाखव. मग गाडी पाहायला मी तुझ्याबरोबर येईन, आणि वहिनींनाही घेऊन येऊ. त्यांचे सप्तशृंगीला जायचे राहिलेच आहे.