धार-देवासचे कागद आणि इंदूरचा संगणक विभाग

देवास शहर एकेकाळी थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन संस्थानांत वाटलेले होते आणि रस्त्याच्या एका अंगाचा हुकूम दुसऱ्या अंगाला चालत नसे, ही हकीकत आता गंमत म्हणून सांगितली जाते. परंतु उच्च शिक्षणाच्या प्रांतात ते शहर अजूनही दोन अमलांखाली नांदत आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. देवासच्या कृष्णाजीराव पवार महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर उज्जैनच्या, 1957 साली विक्रम विद्यापीठ या नावाने स्थापन झालेल्या विद्यापीठाची मोहोर उमटते, आणि तोच विद्यार्थी संगणकाचे पुढले शिक्षण घेऊ पाहतो तेव्हा त्याची पावले 35-40 किलोमीटरवरच्या इंदूरकडे वळतात, कारण शिकवण्या, कंपन्यांच्या कचेऱ्या आणि ओळखीपाळखी सारे काही तेथे आहे. धारचे महाराजा भोज महाविद्यालय इंदूरच्याच देवी अहिल्या विद्यापीठाच्या इलाख्यात मोडते, एवढाच काय तो धारकरांचा फायदा. बाकी सकाळच्या बसला लोंबकळत ‘अप-डाउन’ करण्याचा योग दोन्ही गावांच्या पोरांच्या पत्रिकेत सारखाच लिहिलेला आहे.

या इंदूरच्या विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग 1986 मध्ये, म्हणजे विद्यापीठाला अहिल्याबाईंचे नाव मिळण्याच्या दोन वर्षे आधी निघाला, ही त्या काळचा विचार करता लहान दूरदृष्टी नव्हे. खंडवा मार्गावरील तक्षशिला परिसरात एम.सी.ए., एम.टेक. आणि पीएच.डी. असा त्याचा विस्तार झाला, आणि त्याच विद्यापीठात 1992 मध्ये निघालेल्या आय.आय.पी.एस. या संस्थेच्या, बारावीनंतर सलग सहा वर्षे चालणाऱ्या एम.सी.ए.चे माळव्यातील मध्यमवर्गीय घरांत मोठे अप्रूप होते. 2020 मध्ये एम.सी.ए.ची तीन वर्षे कापून दोन करण्यात आली, तेव्हापासून अभ्यासक्रम अधिक धावपळीचा झाला असून प्लेसमेंटचा मोसम विद्यार्थ्याच्या मानगुटीवर प्रवेशापासूनच बसलेला असतो. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांची आवारे उभी राहिल्यावर या मोसमाला सणाची कळा आली, यात वावगे काही नाही. धारच्या शेतकऱ्याच्या मुलीला घरापासून 60 किलोमीटरवर पगाराची नोकरी मिळावी, याहून चांगले दुसरे काय असणार? माझी तक्रार रोजगाराविषयी नाही. विद्यापीठाच्या विभागाला जे संशोधन म्हणून मिरवायचे असते, ते ज्या मातीत विभाग उभा आहे तिच्याकडे पाठ फिरवून का केले जाते, हा माझा प्रश्न आहे, आणि तो एकट्या इंदूरला नसून देशातील बहुतेक राज्य विद्यापीठांना लागू पडतो.

हस्ताक्षर ओळखणारे यंत्र बनविण्याचा प्रकल्प हाती घेणारा विद्यार्थी कोणत्याही विभागात पाहा, तो प्रथम ‘एमनिस्ट’ नावाच्या संग्रहाकडे जातो. त्यात हाताने लिहिलेल्या अंकांची 70,000 चित्रे आहेत, आणि ती लिहिणारे कोण, तर अमेरिकेच्या जनगणना खात्यातील कर्मचारी आणि तिथल्या शाळांतील मुले. आरंभी हात बसावा म्हणून हे ठीक आहे. परंतु पदव्युत्तर प्रबंधातही त्याच परक्या कारकुनांचे अंक शतांशाच्या एखाद्या हिश्श्याने अधिक अचूक ओळखल्याचे श्रेय घ्यावे, आणि आपल्याच परिसरातल्या पवार संस्थानिकांच्या कमाविसदारांनी, फडणिसांनी आणि देवस्थानच्या पुजाऱ्यांनी लिहून ठेवलेले मोडी कागद सरकारी अभिलेखागारांत आणि खासगी वाड्यांत वाचकाची वाट पाहत पडावेत, ही विसंगती कोणाला खटकू नये याचे नवल वाटते.

मोडीची अडचण किती चमत्कारिक आणि म्हणूनच संशोधकाला किती मोलाची आहे, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. लेखक आधी कागदभर आडवी रेघ ओढी आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लोंबवीत जाई. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद नाही, आणि नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपे मात्र जागोजाग. त्यावर कालगणना शुहूर सनाची, आणि ती अंकांनी नव्हे तर अरबी संख्यावाचकांनी, उलट्या क्रमाने लिहिलेली. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे वाचले की एक, साठ, शंभर आणि हजार मिळून 1161 होतात; हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्यामुळे कागद मृगापासून डिसेंबरअखेरचा असेल तर त्यात 599 आणि नंतरचा असेल तर 600 मिळवावे लागतात. म्हणजे या सनाचा पौष महिन्यातला कागद 1761 च्या जानेवारीचा, आणि त्याच जानेवारीत धारचे यशवंतराव पवार पानिपतावर पडले. अक्षर ओळखणे, शब्द तोडणे, संक्षेप सोडविणे आणि सन लावणे या चारही गोष्टी एकमेकींवर अवलंबून असल्यामुळे यंत्राला त्या एकत्र शिकवाव्या लागतात, आणि एम.टेक.च्या विद्यार्थ्याला याहून कसदार प्रश्न कोणत्या परदेशी नियतकालिकात सापडेल?

मोडीला युनिकोडमध्ये 2014 सालीच जागा मिळालेली आहे, तेव्हा साधन नव्हते ही सबब चालणार नाही. 2025 मध्ये मोडी पानांचे देवनागरीत लिप्यंतर करणारी यंत्रणा आणि तिच्यासाठी दोन हजारांहून अधिक पानांचा संग्रह जाहीर झाला, तो रुडकीच्या आय.आय.टी.तून, म्हणजे जिथे मोडी हे कारभाराचे अक्षर कधीच नव्हते अशा मुलखातून. रुडकीकरांचे अभिनंदनच केले पाहिजे, पण ज्यांच्या दाराशी हे कागद आहेत त्यांनी ओशाळावे अशीही ती बातमी आहे.

भाषेच्या बाबतीत तेच. 2011 च्या जनगणनेत माळवी बोलणारे सुमारे 52 लाख नोंदले गेले, पण हिंदीच्या पोटात. भिली बोलणारे 1 कोटी 4 लाखांच्या घरात, आणि ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. धार जिल्ह्याची निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासी आहे, आणि कुक्षी-मनावरकडून आलेला मुलगा घरी भिली वा निमाडी, बाजारात माळवी, वर्गात हिंदी आणि परीक्षेच्या पुस्तकात इंग्रजी असा चार पायऱ्या चढत संगणकापर्यंत पोहोचतो. भिलीसाठी केंद्र सरकारच्या आदिवासी खात्याने 2025 मध्ये ‘आदि वाणी’ हा अनुवादक प्रसिद्ध केला, त्यामागे दिल्ली, पिलानी, हैदराबाद आणि नया रायपूर येथील तंत्रसंस्था आणि काही राज्यांच्या आदिवासी संशोधन संस्था होत्या. चार भाषा जगणारा तो कुक्षीचा मुलगा अशा कामाला स्वतःच एक अमोल ग्रंथ आहे. पण त्याच्याकडून अपेक्षा केली जाते ती सी.पी.सी.टी. या सरकारी नोकरीसाठीच्या संगणक-परीक्षेतला टंकलेखनाचा वेग गाठण्याची आणि भोपाळच्या माखनलाल विद्यापीठाशी संलग्न अशा गल्लीबोळांतील केंद्रांतून डी.सी.ए. या संगणक पदविकेचे प्रमाणपत्र खिशात घालण्याची. या केंद्रांना हसण्यात अर्थ नाही, कारण तालुक्याच्या गावी पहिला संगणक अनेकांना तेथेच हाताळायला मिळाला, परंतु तेथून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेपर्यंत जाणारा सरळ रस्ता कोणी आखलेला नाही.

आमच्याकडे संगणकाचा एखादा राष्ट्रीय परिसंवाद भरला म्हणजे दीपप्रज्वलनानंतर प्रमुख पाहुणे राजा भोजाच्या ‘समरांगणसूत्रधारा’तील यंत्रविधानाचा उल्लेख हटकून करतात आणि मंडळी चहाला पांगतात. धारच्या भोजशाळेच्या वास्तूचा वाद न्यायासनापुढे आहे आणि तो तेथेच असू द्यावा. पण तेथील खांबांवर परमारकाळात कोरलेले सर्पबंध, ज्यांत नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि नामा-क्रियापदांचे प्रत्यय बसविलेले आहेत, ते धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बारकाईने अभ्यासले, एवढे तरी त्या व्यासपीठावरून सांगावे. सीतामऊच्या महाराजकुमार रघुबीरसिंहांनी एका लहानशा संस्थानात राहून नटनागर शोध संस्थान उभे केले. त्यांच्यापाशी चिकाटी होती. आजच्या विभागापाशी यंत्रे आहेत, शिष्यवृत्त्या आहेत आणि मुख्य म्हणजे दरवर्षी नव्याने येणारी तरुण डोकी आहेत.

तेव्हा करायचे काय, तर इंदूरच्या विभागाने आपल्या शेवटच्या सत्रातील प्रकल्पांपैकी काही जागा धार, देवास, निमाड यांच्या कागदांसाठी आणि बोलींसाठी राखून ठेवाव्यात आणि त्या प्रकल्पांना कंपनीतील इंटर्नशिपइतकेच गुण द्यावेत. गुण कमी ठेवले तर कोणी फिरकणार नाही, हे विद्यार्थ्यांना दोष न देता मान्य केले पाहिजे. उज्जैन आणि इंदूर या दोन विद्यापीठांत करार होऊन देवासच्या मुलांना तक्षशिला परिसरातील प्रयोगशाळेत दाखल्याशिवाय, म्हणजे तेथे प्रवेश घेतलेला नसतानाही, बसता यावे. थोरल्या आणि धाकट्या पातीच्या महाराजांना जे जमत नव्हते ते दोन कुलगुरूंना एका बैठकीत जमायला हरकत नसावी. प्रबंधासाठी संशोधनलेख छापलाच पाहिजे ही सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये काढून टाकली आहे, त्यामुळे पैसे मोजून छापलेल्या निरर्थक लेखांऐवजी पाच हजार मोडी पानांचा तपासलेला, सर्वांना खुला संग्रह हेच एखाद्या शोधार्थ्याचे काम मानले, तर मार्गदर्शकांनी घाबरण्याचे कारण नाही. आणि मोडी वाचणारे जाणकार वयोवृद्ध होत चालले आहेत, त्यांना विभागात मानधन देऊन बसवावे, कारण यंत्राने लावलेला अर्थ बरोबर की चूक हे सांगणारा माणूस उद्या मिळेलच असे नाही.

आपल्या मराठी वाचकांकडूनही एक मागणे आहे. धार, देवास, इंदूर येथील ज्या जुन्या घराण्यांच्या माडीवर रुमालांत बांधलेली दप्तरे आहेत, त्यांनी घर विकण्याच्या किंवा सफाईच्या वेळी ती रद्दीत घालू नयेत; मूळ कागद स्वतःपाशीच ठेवावा, पण मागायला आलेल्या विद्यार्थ्याला त्याचे छायाचित्र अवश्य घेऊ द्यावे.